बिनदोऱ्याची चिंधी

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी बातमी: इंजिन बसलं.

आज दुपारी सव्वाबाराला, डॉक्टरीणबाईंच्या गाडीत. हात दोनदा धुतले तरी कागदाच्या कडेला बोट उमटलंय, ते पुरावा समज.

कुठली गाडी हे तुला सांगायला नको. गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली अकरा वर्षं उभी आहे तीच. जुनं इंजिन जाम झालं त्या दिवसापासून तू इथे नाहीस आणि गाडीही तिथून हललेली नाही. दोघांपैकी एकाला तरी हलवावं म्हटलं. गाडी जवळ होती.

इंजिन मिळालं ते विटांच्या एका कारखान्यात. याच गाडीचं, याच सालचं, आणि लोकांनी त्याला पाणी उपसायला जुंपलेलं. पंचवीस वर्षं एका जागी उभं राहून धावलं बिचारं. आणून सगळं सोडवलं. बोअर केलं, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, कॅमशाफ्ट नवा, व्हॉल्व्ह उचलणारे आठही टॅपेट नवे. आता ते इतकं देखणं झालंय की बॉनेट लावायचं जिवावर आलंय.

बसवताना मात्र घाम काढला. चेनपुलीवर मी, खाली ठोक्या. (आपला डेंटर. अजून तसाच आहे, आधी हातोडी मारतो, मग विचारतो.) गिअरबॉक्सचा दांडा क्लचमध्ये शिरेना. तीनदा वर घेतलं, तीनदा खाली. तुझी वहिनी चहा घेऊन आली, पाच मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘इंजिनालाच किती छळाल? गाडी जरा मागेपुढे करा ना.’’ गाडी चार बोटं मागे ढकलली. दांडा लोण्यात सुरी जावी तसा गेला. तेव्हापासून ती घरात मिस्त्री असल्यासारखी वावरते आहे.

तुझी पेटी जागेवर आहे. कुणी हात लावलेला नाही. अर्ध्या इंचाचा रिंगपाना तेवढा मी घेतला. माझ्याकडे सगळे मिलिमीटरवाले, आणि ही गाडी जुन्या वळणाची, इंचाशिवाय बोलत नाही. काम झालं की ठेवीन.

फोन न करता पत्र का लिहितो, तर मागच्या खेपेला माझा आवाज ऐकून तू ‘रॉंग नंबर’ म्हणालास. आवाज ओळखण्यात आपलं घराणं चुकत नाही, म्हणून काय ते समजलो.

आता मुद्दा. रविवारी, ता. २१ ला, सकाळी दहा वाजता तिला पहिल्यांदा चालू करायची. तू ये. पहिल्या स्टार्टला किल्लीवर मी आणि डाव्या मडगार्डपाशी तू, असं आपलं बावीस वर्षं होतं. त्या जागेवर मी नंतर कुणाला उभं केलेलं नाही. या वेळीही करायचं मनात नाही.

आता आशीर्वाद.

दादा


ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं. पोचलं नसतं तर पोस्टाने परत आणून दिलं असतं.

शिवाय मला आतली खबर आहे. तू कुठल्या इस्पितळाचे जनरेटर सांभाळतोस, कितीची पाळी, सर्दी बरी झाली का, हे सगळं या घरात स्वयंपाक करता करता कळतं. भाऊ भाऊ गप्प आणि जावा जावा तासतासभर बोलतात, असं उलटं घर दुसरीकडे नसेल. काल वहिनी म्हणाली, ‘‘भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं.’’ मी म्हटलं, अक्षर लागलं नसेल.

तयारी जोरात आहे. रेडिएटरमध्ये पाणी भरलं, खालच्या होजला थेंब आला, क्लिप बदलली. कार्बोरेटर उघडून धुतला. पॉइंट घासले नाहीत, नवेच घातले. पेट्रोलची टाकी काढून आतून साफ केली, त्यात जे निघालं त्यात एक झाड लागलं असतं.

डॉक्टरीणबाई रोज दुपारी येतात. वय शहाऐंशी, बसने येतात, खुर्ची दाराशी उजेडात मांडून घेतात. गाडी गेल्यापासून त्यांनी दुसरी घेतली नाही. म्हणतात, ‘‘मी रोगी सोडून देत नाही.’’ परवा पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरला आणि ठोक्याला पुढची पुली पान्याने हळूहळू फिरवायला सांगितली. पिस्टन वर आला तसा अंगठा फट्दिशी उडाला.

बाई खुर्चीतून म्हणाल्या, ‘‘लागली का नाडी?’’

‘‘लागली, बाई. जोरदार आहे.’’

‘‘मग चालू का करत नाहीस?’’

‘‘अजून तेल चढवायचंय.’’

‘‘म्हणजे सलाइन. ते कोण लावणार?’’

ठोक्याने माझ्याकडे बघितलं. मी डिस्ट्रिब्यूटर बसवू लागलो.

तेल चढवायचं काम तुझंच असायचं. डिस्ट्रिब्यूटर काढायचा, त्या भोकातून लांब दांडा खाली पंपाला जोडायचा, वर ड्रिल लावून पंप फिरवायचा, आणि तेलाच्या दाबाच्या घड्याळाचा काटा चाळीसवर जाऊन थांबेपर्यंत हलायचं नाही. तेल सगळ्या बेअरिंगांना पोचल्याशिवाय किल्लीला हात नाही. मला कधी एवढा धीर नव्हता. तू मात्र ड्रिल धरून असा उभा राहायचास, की जसं आत कुणी झोपलंय.

तू आलास तर ते शनिवारी करू. नाही आलास तर मी करीन, पण डिस्ट्रिब्यूटर परत काढावा लागेल आणि तुला हसू येईल.

वहिनी विचारते, लाल दोऱ्याचं रीळ कशाला आणलंत? मी म्हटलं, कामाला.

दादा


ता. १३ मार्च

धाकट्या,

लाल दोरा कशाला ते तुला कळलं असणार. तरी लिहितो. मागच्या दोन पत्रांत मी या गोष्टीला वळसा घालून गेलो, तेवढी लबाडी माझ्या अंगात आहे हे तुला नवीन नाही.

इंजिन उघडं असलं की प्रत्येक भोकात, प्रत्येक नळीत आपण चिंधी कोंबतो, आत नट-वायसर पडू नये म्हणून. तू तुझ्या प्रत्येक चिंधीला वीतभर लाल दोरा बांधायचास आणि दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत ठेवायचास. बंद करताना दोरे ओढायचे, चिंध्या मोजायच्या, मगच झाकण. मी हसायचो. ‘चिंधीला लगाम’ म्हणायचो. गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचो. मला दोरा लागत नाही, माझं सगळं डोक्यात असतं, असं म्हणायचो.

जानेवारीत डॉक्टरीणबाई आल्या. गाडी भंगारात द्यायचं मनाशी ठरवून आल्या होत्या. कागदावर सही करायला पेन काढलं आणि म्हणाल्या, ‘‘एक सांग. ते इंजिन मेलं कशाने?’’

मी म्हटलं, ‘‘तेल पोचलं नाही.’’

‘‘ते लक्षण झालं. कारण विचारतेय. आयुष्यात मी कारण लिहिल्याशिवाय कुणाला पोचवलं नाही.’’

म्हणून उघडलं. अकरा वर्षांनी. इतकी वर्षं का उघडलं नाही, याचं मी स्वतःला सांगत आलो ते उत्तर असं की वेळ नव्हता. वहिनीचं उत्तर वेगळं आहे, ते तिने एकदाच दिलं आणि मी ते परत विचारलं नाही.

खालचं तेलाचं भांडं काढलं. पंपाची जाळी काढली. जाळीपासून पंपाकडे जाणारी नळी आहे ना, करंगळीएवढी, तिच्यात तार घातली. तार अडली. वाकवून ओढली तर काळी, चिकट, पिळलेली चिंधी बाहेर आली. रॉकेलमध्ये धुतली. निळ्या पट्ट्या निघाल्या. माझा शर्ट, वहिनीने फाडून दिलेला. दोरा नव्हता.

तू तेल चढवलं होतंस. काटा चाळीसवर गेला होता, तुझ्यामागे उभा राहून मीच बघितला होता. मग इंजिन धावायला लागलं, पंपाने जोर धरला तशी चिंधी ओढली जाऊन नळीत गच्च बसली आणि तेल तुटलं. नळी मी बसवली होती. पंपही मी.

त्या दिवशी पहिला स्टार्ट बघायला जमलेल्या चाळीस माणसांसमोर मी काय बोललो ते मला पाठ आहे, तुला त्याहून असेल. ‘‘तेल चढवायचं एक काम दिलं होतं याला, तेवढंही जमलं नाही. बाबा रे, या हातांना झेपेल असं काम दुसरीकडे बघ.’’ तू पाना ठेवलास, हात पुसलेस आणि दुसरीकडे बघितलंस.

चूक माझी होती. तुझी नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मी जानेवारीपासून दोन महिने आणि एक अख्खं इंजिन घेतलं. इंजिन शोधायला निघालो तेच चिंधी सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी. डॉक्टरीणबाईंना कारण सांगितलं. त्यांनी सहीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, ‘‘मग यात गाडीचा काय दोष?’’

ये. यायचं नसेल तर शिव्या लिहून पाठव, पण लिही.

दादा


ता. १७ मार्च

धाकट्या,

खबर मिळाली. पत्र वाचून तू जनरेटरच्या खोलीत जाऊन बसलास आणि पाळी संपली तरी उठला नाहीस. मग जाऊबाईंकरवी निरोप: रविवारी रजा नाही, बदली माणूस मिळत नाही. आणि तुझ्या बाजूने, माझ्यासाठी म्हणून, एकही शब्द नाही. बरोबर आहे. अकरा वर्षं एका पत्रात बसत नाहीत, मीही तेवढा भोळा नाही.

पण रजा नाही तर नाही. कानाला रजा लागत नाही. रविवारी पावणेदहाला मी फोन लावीन. बोलू नकोस. हॅलोसुद्धा म्हणू नकोस, रॉंग नंबरही म्हणू नकोस. नुसता उचल आणि कानाशी धर. फोन डाव्या मडगार्डवर ठेवीन, चिंधीची घडी करून त्यावर. तुझ्या जागेवर.

एक अजून राहिलंय. चिंधीचं लिहिलं ते सोपं होतं, ती हातात धरून दाखवता येते. हे दाखवता येत नाही.

त्या दिवशी चौथ्या मिनिटाला तू म्हणालास, ‘‘दादा, बंद कर. खालून ठोका येतोय.’’ मी म्हणालो, ‘‘माझे कान शाबूत आहेत.’’

शाबूतच होते. तो ठोका मी तुझ्याआधी ऐकला होता. तू तोंड उघडायच्या आधी. पण नवा कॅम आणि नवे टॅपेट घातले की पहिली वीस मिनिटं इंजिन थांबवायचं नसतं, हे मी त्या चाळीस माणसांना तासभर समजावून सांगितलं होतं. ते एकमेकांत घुसळून गुळगुळीत होईपर्यंत वेग उतरवायचा नाही, मध्येच थांबवणारा मिस्त्री कच्चा, असं छाती काढून बोललो होतो. मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, ‘‘बघू या टिकतं का.’’ तेही ऐकलं. माझ्या कानांना सगळंच ऐकू येतं, हाच तर रोग. त्या माणसाचं ऐकलं आणि तुझं नाही.

तिथेच किल्ली फिरवून बंद केलं असतं तर एका बेअरिंगवर भागलं असतं. मी आणखी दीड मिनिट फिरवली नाही.

झालं. आता माझ्याकडे लपवलेलं काही नाही. (पाना आहे तुझा, पण तो सांगून घेतलाय.)

रविवारी पावणेदहा.

दादा


ता. २१ मार्च, संध्याकाळ

धाकट्या,

तू ऐकलंस सगळं, पण दिसलं तुला काहीच नाही. म्हणून लगेच बसलोय लिहायला. हातही धुतलेले नाहीत, अक्षर लावून घे.

काल तेल चढवलं. डिस्ट्रिब्यूटर परत काढला (हस). ड्रिल धरून मी असा उभा राहिलो, की ठोक्या म्हणाला, ‘‘आज धाकले मालक अंगात आलेत.’’ काटा दहा, पंचवीस, चाळीस. तरी थांबलो नाही. वरचं झाकण काढून प्रत्येक रॉकरमधून तेल ओघळताना डोळ्यांनी बघितलं, मगच ड्रिल बंद. चिंध्या मोजल्या. नऊ लावल्या होत्या, नऊ निघाल्या, दोऱ्यासकट.

सकाळी लोक नऊपासून यायला लागले. त्या वेळचे होते त्यांना मी एकेकाला घरी जाऊन सांगून आलो होतो. चाळीस मिळाले नाहीत, सहा वारले, काही गाव सोडून गेले, पण सव्वीस आले. वहिनीने सगळ्यांना चहा दिला. वाळूच्या बादल्या दोन, आग विझवायचं नळकांडं एक. डॉक्टरीणबाई इस्त्रीची साडी नेसून, मनगटी घड्याळ हातात काढून धरून, खुर्चीत.

पावणेदहाला फोन लावला. तू उचललास. मागे तुझ्या जनरेटरची घरघर, तीच तुझी सही समजलो.

मग मी ती चिंधी काढली आणि उभा राहून बोललो. ते तू ऐकलंस, परत लिहीत नाही. तू बघितलं नाहीस ते एवढंच, की बोलून झाल्यावर सगळे पायांकडे बघत होते आणि ठोक्या डोक्यावरची टोपी काढून त्यात बघत होता. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘कबुलीजबाब झाला असेल तर रोग्याकडे बघा.’’

किल्ली फिरवली. पहिल्यांदा ‘फक्’ करून कार्बोरेटरमधून शिंकली ते ऐकलंस. सगळे मागे सरकले. डिस्ट्रिब्यूटर केसभर मागे होता. केसभर फिरवला. दुसऱ्या किल्लीला तिने धरलं.

धाकट्या, काय धरलं म्हणून सांगू. अर्ध्या फेऱ्यात. पंचवीस वर्षं विटांना पाणी पाजणारं ते यंत्र असं उठलं, की आता कुठे मोकळं सोडलंय मला. लगेच दोन हजारावर नेलं आणि धरून ठेवलं. तेलाचा काटा पंचावन्न. मी नजर काढली नाही त्याच्यावरून. तिसऱ्या मिनिटाला धूर निघाला, बायाबापड्या ओरडल्या, वहिनीने वाळूची बादली उचललीसुद्धा. एग्झॉस्टवरचा नवा रंग जळत होता, दुसरं काही नाही. बादली वेळीच धरली, नाहीतर दोन महिन्यांचं काम वाळूत गेलं असतं. हातात बादली घेऊनच ती पुढची सतरा मिनिटं उभी होती.

चौथं मिनिट आलं तेव्हा सगळ्यांना ते आठवत होतं. कुणी हललं नाही. मी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक ब्लॉकवर टेकवलं, पण मूठ कानाला लावली नाही, तुझ्या फोनला लावली. अख्खं मिनिटभर. तू ऐकलंस. खालून काही नव्हतं. तूही काही बोलला नाहीस. पाचवं मिनिट लागलं.

बाई दर मिनिटाला मोठ्याने आकडा सांगत होत्या. ‘‘वीस’’ म्हणाल्या तसा वेग उतरवला. गाडी पहिल्यांदा स्लोवर आली, शांत, एका लयीत. आणि त्या लयीत एक बारीक टिक्, टिक्, टिक्.

सव्वीस माणसांत कुणालाही ऐकू गेलं नाही. ठोक्या तर टाळ्या वाजवत होता.

मी फोनकडे बघत उभा. मनात म्हटलं, बोलेल. खराब आवाज ऐकून गप्प बसणं त्याला या जन्मात जमणार नाही. अकरा वर्षं माझा आवाज ऐकून गप्प बसला, पण टॅपेटचा ऐकून बसणार नाही.

आणि तू बोललास. ‘‘तिसऱ्याचा एग्झॉस्ट टॅपेट. ढिला आहे.’’

मी म्हटलं, ‘‘हो का? मला नाही ऐकू आला.’’

मग म्हणालास, ‘‘दादा, तुझे कान शाबूत आहेत. मुद्दाम ठेवलायस तो.’’

ठेवला होता. सात टॅपेट कागद सरकेल इतके नेमके, आणि आठवा, नुकसान होणार नाही पण तुला झोप लागणार नाही, इतकाच ढिला. ही लबाडी शेवटची. खरं तर शेवटून दुसरी.

मी म्हटलं, ‘‘मग येऊन घट्ट कर.’’

यावर तू काय म्हणालास ते इथे सगळ्यांनी ऐकलं, कारण इंजिन मी तेव्हाच बंद केलं होतं. तू म्हणालास, ‘‘अर्ध्या इंचाचा पाना पेटीत परत ठेवलास का?’’

वहिनीने तेव्हा कुठे बादली खाली ठेवली.

पाना ठेवलाय. पुसून, तेल लावून, तुझ्या पेटीत, वरच्या कप्प्यात, डावीकडून तिसरा. टॅपेटला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. डॉक्टरीणबाई फिरून यायला निघाल्या होत्या, गाडीत बसल्यासुद्धा. त्यांना म्हटलं, बाई, अजून थोडं ऑपरेशन राहिलंय, सर्जन बाहेरगावी आहे. तर म्हणाल्या, ‘‘बसते मी. थांबायची सवय आहे,’’ आणि दार ओढून घेतलं. आत्ता दिवे लागले तेव्हा कुठे उतरल्या. उद्या परत येणार आहेत. शहाऐंशी वर्षांच्या बाईला किती दिवस बसवून ठेवायचं ते तू ठरव.

रजा कधीची मिळते ते मला कळवायची तसदी घेऊ नकोस. स्वयंपाकघरात कळेलच.

तुझा,
दादा